१९८७च्या आधीची चाळीस वर्षे : मेंदूत उतरलेल्या तारेचा वगळलेला इतिहास

१.
फ्रान्समधील ग्रनोबल शहर, इ.स. १९८७. शस्त्रक्रियागृहातील टेबलावर एक रुग्ण आहे. डोक्याभोवती धातूची चौकट घट्ट बसवलेली, कवटीला एक लहानसे छिद्र पाडलेले, आणि तरीही तो पूर्ण शुद्धीवर आहे. त्याचा हात सतत थरथरतो आहे. मेंदूशल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद एक बारीक इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर उतरवतात आणि विजेच्या स्पंदनांची गती वाढवत नेतात. ती सेकंदाला शंभराच्या आसपास पोहोचते आणि थरथर थांबते. वीज बंद केली की कंप परततो. पुन्हा सुरू केली की हात पुन्हा स्थिर होतो.

२.
‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’, अर्थात डीबीएस, या उपचाराची जन्मकथा बहुतेक ठिकाणी अशीच सांगितली जाते. कथा खरी आहे. पण ती बरीच उशिरा सुरू होते. जिवंत माणसाच्या मेंदूच्या गाभ्यात इलेक्ट्रोड ठेवून वीज सोडण्याचे प्रयत्न १९८७च्या आधी सुमारे चाळीस वर्षे चालू होते. मारवान हारिझ या मेंदूशल्यविशारदाने दोन सहकाऱ्यांसह २०१० साली १९४७ ते १९८७ या काळावर एक लेख लिहिला, तो हा न सांगितलेला इतिहास नोंदवण्यासाठीच. ही चाळीस वर्षे कथेतून का गळली आणि ती गळल्याने काय हरवते, हा या थ्रेडचा विषय.

३.
प्रथम उपचाराचे स्वरूप. सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची, टोकाशी धातूचे संपर्कबिंदू असलेली एक तार मेंदूतील ठरलेल्या जागी पोहोचवली जाते. तिचे दुसरे टोक टाळूखालून, कानामागून, मानेच्या त्वचेखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत येते आणि तेथे बसवलेल्या, पेसमेकरसारख्या बॅटरीयुक्त यंत्राला जोडले जाते. कंपवातात साधारणपणे सेकंदाला १३० स्पंदने दिली जातात. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना कळत नाहीत. म्हणून केवळ टाळू बधिर करून, रुग्णाशी बोलत बोलत ही शस्त्रक्रिया करता येते. ही स्पंदने नेमके काय साधतात, याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत.

४.
मानवी मेंदूला वीज लावण्याची पहिली ठळक नोंद १८७४ची, अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातली. मेरी रॅफर्टी या घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या कवटीला कर्करोगाच्या व्रणाने भोक पडले होते आणि मेंदू उघडा झाला होता. डॉ. रॉबर्ट्स बार्थोलो यांनी त्यात सुया खुपसून वीज सोडली. तिचे हातपाय आपोआप हलले. प्रवाह वाढवताच तिला झटके आले. काही दिवसांत ती मरण पावली. या प्रयोगात तिच्या आजारावर कोणताही इलाज नव्हता. वैद्यकविश्वात निषेध झाला आणि बार्थोलो यांना खेद व्यक्त करावा लागला. मेंदूतील विजेच्या इतिहासात संमतीचा प्रश्न असा पहिल्याच पानावर उभा आहे.

५.
पुढची अडचण भूगोलाची होती. मेंदूचा पृष्ठभाग दिसतो, गाभा दिसत नाही. १९०८ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी प्राण्यांसाठी एक चौकट तयार केली. नकाशावर अक्षांश-रेखांशांनी गाव शोधावे, तसा तीन अक्षांच्या मापांनी मेंदूतील बिंदू गाठता येऊ लागला. माणसासाठी तशी चौकट फिलाडेल्फियात अर्न्स्ट स्पीगेल आणि हेन्री वायसिस यांनी १९४७ साली सादर केली. ‘स्टिरिओटॅक्टिक’ शस्त्रक्रिया ती हीच. डीबीएसची पूर्वपीठिका येथून मोजावी लागते.

६.
ही चौकट त्या वेळीच का हवी होती? १९३५ साली लिस्बनमध्ये एगास मोनीझ यांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी ‘लोबोटॉमी’ या नावाने तिचा झपाट्याने प्रसार केला. १९४६पासून तर ते डोळ्याच्या खोबणीतून अणकुचीदार हत्यार आत घालू लागले. हजारो माणसे शांत झाली, आणि त्यांतील अनेकांचे व्यक्तिमत्त्वही विझले. मोनीझ यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्पीगेल आणि वायसिस यांना या बोथट कापाकापीऐवजी मोजूनमापून केलेली लहान इजा हवी होती. म्हणजे डीबीएसची चौकट प्रथम बनली ती मनाच्या आजारांसाठी.

७.
१९४८ साली न्यूयॉर्कमधील मेंदूशल्यविशारद लॉरेन्स पूल यांनी आणखी एक पाऊल टाकले. नैराश्याने घेरलेल्या आणि अन्नावरची वासना उडालेल्या एका स्त्रीच्या मेंदूत त्यांनी चांदीचा इलेक्ट्रोड बसवला आणि तो आतच राहू दिला. काही आठवडे रोज वीज दिली गेली. परिणाम आशादायक वाटला. मग तार तुटली आणि प्रयोग संपला. इजा न करता उत्तेजन द्यावे आणि यंत्र शरीरातच ठेवावे, या डीबीएसच्या दोन्ही मूळ कल्पना ग्रनोबलच्या ३९ वर्षे आधी येथे दिसतात.

८.
यानंतर कथा काळोखात शिरते. न्यू ऑर्लिन्समधील तुलेन विद्यापीठात मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट हीथ यांनी १९५०पासून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्यास आरंभ केला. त्यांतील अनेक रुग्ण सरकारी मनोरुग्णालयांतून आणलेले होते. काहींना जंतुसंसर्ग झाला, काहींना झटके आले. १९५४ साली माँट्रियलमध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना आढळले की, मेंदूच्या विशिष्ट भागात वीज मिळावी म्हणून उंदीर स्वतःच खटका दाबत राहतात. हीथ यांनी असाच खटका माणसांच्या हाती दिला.

९.
१९७२ साली हीथ यांच्या गटाने ‘बी-१९’ या सांकेतिक नावाच्या २४ वर्षांच्या तरुणाविषयी निबंध प्रसिद्ध केला. हा तरुण समलिंगी होता. त्याच्या मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित भागाला वीज देत त्याचा ओढा स्त्रियांकडे वळवण्याचा हा प्रयत्न होता आणि त्यासाठी प्रयोगशाळेत एका वेश्येलाही आणण्यात आले. लेखकांनी प्रयोग यशस्वी ठरवला. पुढच्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेचे नाव मनोविकारांच्या यादीतून वगळले. उपचार झाला होता. मात्र ज्यावर झाला, तो आजारच नव्हता.

१०.
याच काळात येल विद्यापीठातील स्पॅनिश शास्त्रज्ञ होसे देल्गादो यांनी रेडिओलहरींवर चालणारे इलेक्ट्रोड तयार केले. स्पेनमध्ये कॉर्दोबाजवळच्या मैदानात ते स्वतः एका झुंजीच्या बैलासमोर उभे राहिले. बैल चालून आला, देल्गादो यांनी हातातील यंत्राची कळ दाबली आणि बैल थबकून वळला. १९६५ साली ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. बैलाचा संताप विजेने शमवला, असे चित्र जगापुढे गेले. टीकाकारांचे म्हणणे वेगळे होते : ज्या भागाला वीज दिली तो हालचालींशी संबंधित आहे, त्यामुळे बैलाचे अंग बळेच वळले असणार, राग निवला याला पुरावा काय?

११.
देल्गादो यांची स्वप्ने मात्र बैलापुरती मर्यादित नव्हती. १९६९ साली त्यांनी मनाच्या भौतिक नियंत्रणावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या उपशीर्षकातच मनाने ‘सुसंस्कृत’ केलेल्या समाजाची कल्पना मांडली. काळ शीतयुद्धाचा होता. मेंदू धुण्याच्या कथा चित्रपटांत आणि वर्तमानपत्रांत सर्रास दिसत होत्या. मेंदूतील तार हे वैद्यकीय साधन आहे, ही समजूत मागे पडू लागली आणि ते राज्यकर्त्यांच्या हातचे हत्यार ठरेल, ही भीती पुढे आली.

१२.
या भीतीला ठोस आधारही मिळाला. १९६७च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटसह अमेरिकेतील अनेक शहरांत कृष्णवर्णीय वस्त्यांत दंगली उसळल्या. त्याच वर्षी व्हर्नन मार्क, विल्यम स्वीट आणि फ्रँक अर्विन या बोस्टनमधील तीन डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक पत्र लिहिले. गरिबी आणि बेकारी सर्वांच्याच वाट्याला असते, तरी दंगल काहीजणच करतात. तेव्हा अशांच्या मेंदूत काही बिघाड आहे का, हे तपासावे, असा त्यांचा रोख होता. १९७० साली मार्क आणि अर्विन यांनी हिंसा आणि मेंदू यांवर पुस्तकच प्रसिद्ध केले. सामाजिक अन्यायाचे मूळ दंगलखोराच्या कवटीत शोधण्याच्या या प्रकारावर प्रखर टीका झाली.

१३.
वादाचा निकाल डेट्रॉइटच्याच न्यायालयात लागला. मिशिगनच्या एका सरकारी रुग्णालयात १९५५पासून एक माणूस कोंडलेला होता. न्यायालयीन कागदपत्रांत त्याला ‘जॉन डो’ म्हटले गेले. खून आणि बलात्काराचा आरोप, पण खटला न चालवता लैंगिक मनोविकृत ठरवून अनिश्चित काळासाठी बंदिवास. १९७२ साली त्याच्यासमोर एक योजना आली : मेंदूत खोल इलेक्ट्रोड बसवायचे, आक्रमकतेचा उगम शोधायचा आणि सापडल्यास तो भाग नष्ट करायचा. त्याने संमतिपत्रावर सही केली. परीक्षण समित्यांनी मान्यता दिली. कागदोपत्री उणीव कोठेही नव्हती.

१४.
१९७३च्या जानेवारीत गेब कायमोविट्झ या वकिलाने याचिका दाखल केली. न्यायालयापुढे मुद्दा सरळ होता : ज्याची सुटका त्याच्या डॉक्टरांच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याची ‘हो’ ही खरी ‘हो’ असते काय? न्यायाधीशांनी उत्तर दिले की, सक्तीने डांबलेला माणूस अशा प्रायोगिक मेंदूशस्त्रक्रियेला पुरेशी स्वेच्छेची संमती देऊ शकत नाही. त्याला डांबून ठेवणेही घटनाबाह्य ठरले. आणि सुटकेची वाट मोकळी होताच त्या माणसाने आपली संमती मागे घेतली. अठरा वर्षांच्या कोठडीत दिलेली सही मोकळ्या हवेत टिकली नाही.

१५.
१९७४ साली अमेरिकन काँग्रेसने मानवी प्रयोगांतील व्यक्तींच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय आयोग नेमला. टस्कीगी येथे कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवर उपचार न देता दशकानुदशके केवळ निरखत ठेवल्याचे प्रकरण १९७२ साली उघड झाले होते. आयोगामागे तो संतापही होता. आयोगाने १९७७ साली मनोशस्त्रक्रियेवर स्वतंत्र अहवाल दिला. सरसकट बंदी त्याने सुचवली नाही. कठोर देखरेखीची अट घातली. तथापि तोवर क्षेत्राची अब्रू गेली होती. मनोविकारांसाठी मेंदूत तार बसवण्याविषयी उघड बोलणेही अवघड झाले.

१६.
हा सारा काळ म्हणजे केवळ गुन्ह्यांची यादी नव्हे. लेनिनग्राडमध्ये नताल्या बेख्तेरेवा यांनी १९६०च्या दशकात हालचालींच्या विकारांसाठी मेंदूत इलेक्ट्रोड दीर्घकाळ ठेवून उपचार केले. त्यांचे लेखन मुख्यतः रशियन भाषेत असल्यामुळे पश्चिमेत त्याची दखल उशिरा घेतली गेली. १९७०च्या दशकात अमेरिकेत योशिओ होसोबुची प्रभृतींनी असह्य, जुनाट वेदनेवर थॅलॅमसला उत्तेजन देण्याचा मार्ग चोखाळला. हृदयासाठी तयार झालेल्या पेसमेकरच्या तंत्रामुळे शरीरात बसवता येईल अशी बॅटरी आणि स्पंदनयंत्र आता उपलब्ध होते.

१७.
भारतही या कथेबाहेर नाही. मद्रासमध्ये बी. राममूर्ती यांच्या संस्थेत व्ही. बालसुब्रमण्यम आणि टी. एस. कनका यांनी स्टिरिओटॅक्टिक शस्त्रक्रियांची मोठी परंपरा उभी केली. कनका या आशियातील अगदी पहिल्या स्त्री मेंदूशल्यविशारदांपैकी एक. कंपवातावरील शस्त्रक्रियांबरोबरच तेथे हिंसक आणि अतिचंचल रुग्णांच्या मेंदूतील लहान भाग नष्ट करण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. बालसुब्रमण्यम त्यांना ‘शामक’ मेंदूशल्य म्हणत. त्या रुग्णांत मुलेही होती. बोस्टनला जो प्रश्न विचारला गेला, तो मद्रासलाही लागू होता : शांतता कोणाला हवी होती, रुग्णाला की त्याच्या भोवतालच्यांना?

१८.
आता दुसरा प्रवाह पाहिला पाहिजे, कारण ग्रनोबलची कथा त्यातून निघते. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांच्या निरीक्षणांवरून कंपवाताचे वर्णन केले. पुढची शंभरहून अधिक वर्षे उपाय जवळपास नव्हताच. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये अर्विंग कूपर यांच्या हातून एका शस्त्रक्रियेत मेंदूची एक रक्तवाहिनी दुखावली आणि ती बांधून टाकावी लागली. ठरलेली शस्त्रक्रिया अर्धवट सोडण्यात आली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा त्याचा कंप नाहीसा झालेला होता. त्यानंतर मेंदूच्या गाभ्यातील विशिष्ट बिंदू जाळून कंप थांबवण्याच्या शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या.

१९.
त्याच सुमारास औषधाचा मार्ग उघडला आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. आयुर्वेदातील सर्पगंधा उच्च रक्तदाबावर गुणकारी आहे, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सप्रमाण मांडले. वनस्पती एकाएकी जगाच्या नजरेत आली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखा ताठरपणा दिसू लागला. स्वीडनच्या अर्व्हिद कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनच्या अभावाचे कोडे तेथून सुटत गेले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

२०.
१९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत एल-डोपा देऊन कंपवाताचे रुग्ण चालते-फिरते केले. एका गोळीने जे साधते त्यासाठी कवटीला भोक कोण पाडेल? शस्त्रक्रिया ओस पडल्या. परंतु काही वर्षांत गोळीची मर्यादा कळली. तिचा प्रभाव मधेच ओसरतो, आणि जेव्हा असतो तेव्हा अनेकांचे हातपाय अनावरपणे वळवळतात. शल्यविशारदांकडे रुग्ण पुन्हा येऊ लागले. त्यांच्यापुढे जुनीच अडचण होती : एका बाजूचा बिंदू जाळणे एक वेळ ठीक, दोन्ही बाजूंचा जाळला तर वाचा आणि तोल जाण्याचा धोका मोठा.

२१.
या पार्श्वभूमीवर १९८७चे मूल्य कळते. विजेने कंप थांबतो, हे शल्यविशारदांना १९६०च्या सुमारासच ठाऊक होते. भाग जाळण्यापूर्वी जागा बरोबर आहे ना, हे तपासण्यासाठी ते वीज देऊन पाहतच. बेनाबिद वैद्य होते तसेच भौतिकशास्त्राचे पदवीधरही. चाचणीलाच उपचार करावे, हे त्यांनी आणि मज्जाविकारतज्ज्ञ पिएर पोलाक यांनी पाहिले. एका बाजूचा बिंदू आधी जाळलेल्या रुग्णांत दुसऱ्या बाजूला त्यांनी इलेक्ट्रोड कायमचा ठेवला. काही नष्ट करायचे नाही. मात्रा कमी-जास्त करता येते. नको असेल तर बंदही करता येते.

२२.
पुढील दुवा एका दुर्घटनेतून मिळाला. १९८२ साली कॅलिफोर्नियात बनावट हेरॉइन टोचून घेतलेले काही तरुण एकाएकी लाकडासारखे ताठ झाले. विल्यम लँगस्टन यांनी त्यातील दोषी विषारी द्रव्य शोधले : एमपीटीपी. ते दिल्यास माकडांतही कंपवात निर्माण होतो, हे लवकरच कळले. १९९० साली मॅलॉन डीलाँग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, अशा माकडांच्या मेंदूतील सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा चिमुकला भाग निकामी केला की त्यांची हालचाल सुधारते. ग्रनोबलच्या चमूने १९९३ साली त्याच भागात माणसाला इलेक्ट्रोड बसवला. आता केवळ कंपच नव्हे, ताठरपणा आणि मंदपणाही कमी होऊ लागला.

२३.
यानंतरचा प्रवास वेगाने झाला. अमेरिकेत कंपासाठी १९९७ साली आणि कंपवातासाठी २००२ साली मान्यता मिळाली. २००६ साली जर्मन गटाने १५६ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली : डीबीएस घेतलेल्यांच्या जीवनमानात सहा महिन्यांत सुमारे एक चतुर्थांश सुधारणा दिसली, गंभीर दुष्परिणाम मात्र केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा अधिक होते आणि एक मृत्यू मेंदूतील रक्तस्रावाने झाला. आजार यामुळे बरा होत नाही, त्याची गतीही थांबते असे सिद्ध झालेले नाही. तरीही जगभरात दीड लाखाहून अधिक लोकांनी हा उपचार घेतला आहे. २०१४ साली बेनाबिद आणि डीलाँग यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

२४.
डीबीएसने आपली ओळख हालचालींच्या विकारांवरचा उपचार अशी घडवली, ती समजण्यासारखी आहे. जन्मसाल १९८७ ठरले की हीथ, देल्गादो आणि डेट्रॉइट आपोआप दुसऱ्या कोणाच्या तरी इतिहासात जातात. पण मेंदूत हालचाल आणि मन यांच्या खोल्या वेगळ्या बांधलेल्या नाहीत. १९९९ साली पॅरिसमधील डॉक्टरांनी एक प्रसंग नोंदवला. कंपवात असलेल्या, पूर्वी नैराश्य न आलेल्या ६५ वर्षांच्या स्त्रीच्या इलेक्ट्रोडमधील एका संपर्कबिंदूवर वीज सुरू केली. काही क्षणांत तिचा चेहरा पडला. ती रडू लागली. जगणे नकोसे झाल्याचे सांगू लागली. वीज बंद केली आणि दीड मिनिटाच्या आत ते दुःख निघून गेले.

२५.
दार पुन्हा उघडलेच. १९९९ साली बेल्जियममधील लुव्हेनच्या बार्ट नुटिन यांनी मंत्रचळाच्या अतितीव्र रुग्णांवर डीबीएस केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २००५ साली टोरांटोत हेलन मेबर्ग आणि आंद्रेस लोझानो यांनी कोणत्याही उपायाने न हटणारे नैराश्य असलेल्या सहा रुग्णांवर प्रयोग केला. चौघांत सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकली. मोठ्या आशेने ९० रुग्णांची चाचणी सुरू झाली. सर्वांच्या मेंदूत इलेक्ट्रोड होते. प्रारंभी काहींचे चालू, काहींचे बंद. सहा महिन्यांनी दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही आणि चाचणी आवरावी लागली. २०१७ साली निष्कर्ष छापून आले.

२६.
येथे इतिहास पुन्हा वळण घेतो. त्याच रुग्णांचा पाठपुरावा चालू राहिला आणि यंत्र चालू ठेवल्यावर दोन वर्षांच्या सुमारास जवळपास निम्म्यांत चांगली सुधारणा आढळली. मात्र त्या वेळी तुलनेसाठी बंद यंत्राचा गट उरला नव्हता. म्हणून हा पुरावा निर्णायक मानता येत नाही. मंत्रचळासाठी अमेरिकेने २००९ साली मान्यता दिली ती मानवतावादी सवलतीच्या कलमाखाली. त्यात परिणामकारकतेचा नेहमीचा संपूर्ण पुरावा मागितला जात नाही. ही सवलत अयोग्य ठिकाणी वापरली गेली, असा आक्षेप २०११ साली काही तज्ज्ञांनी जाहीरपणे घेतला.

२७.
‘बंद करता येते’ हा डीबीएसचा सर्वांत मोठा नैतिक आधार सांगितला जातो, आणि लोबोटॉमीशी तुलना करता तो खराही आहे. पण बंद करण्याची कळ कोणाच्या हाती? बॅटरी काही वर्षांनी संपते. ती बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा खर्च. चाचणी गुंडाळली गेली तर डोक्यात तार घेऊन घरी गेलेल्या माणसाची जबाबदारी कोणी घ्यायची? काहींना यंत्रामुळे उतावळेपणा येतो, काहींची वाणी अडखळते. हात स्थिर झाल्याचा आनंद आणि आपण पूर्वीसारखे राहिलो नाही ही रुखरुख एकाच माणसात एकत्र नांदू शकते. त्याचे मोजमाप डॉक्टरांच्या तक्त्यात सहज उतरत नाही. ते रुग्णाला विचारावे लागते.

२८.
भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ९६व्या कलमाने मनोशस्त्रक्रियेला दोन कुलपे लावली : रुग्णाची स्वतःची सुजाण संमती, आणि संबंधित मंडळाची मान्यता. नातेवाइकांची सही पुरत नाही. कायद्याची भाषा कोरडी असते. पण त्या दोन अटींमागे मेरी रॅफर्टी, ‘बी-१९’, जॉन डो आणि मद्रासची मुले उभी आहेत, हे ओळखल्यास कलमाचा अर्थ बदलतो. संमतीची अट ही उपचाराच्या वाटेतली आडकाठी म्हणून सुचलेली नाही. ती किंमत मोजून शिकलेला धडा आहे.

२९.
१९४८ची तार आणि १९८७ची तार यांच्यात तांत्रिक अंतर आहे. बॅटरी सुधारली, प्रतिमातंत्र आले, नकाशा बारीक झाला. त्याहून मोठे अंतर ग्रनोबलच्या टेबलावर दिसते. तेथे रुग्ण जागा होता, कंप त्याला स्वतःला नको होता, आणि तो थांबला की नाही हे तो स्वतः सांगू शकत होता. हीथ यांच्या प्रयोगशाळेत, बोस्टनच्या पत्रात किंवा मिशिगनच्या रुग्णालयात काय बरे व्हायला हवे हे आधी दुसऱ्यांनी ठरवले होते. नैराश्य, व्यसन, आक्रमकता यांवर डीबीएसचे नवे प्रयोग होत असताना ही तफावत पुन्हा पुन्हा तपासावी लागेल.

३०.
एखाद्या उपचाराचे जन्मसाल ठरवणे हेही इतिहासलेखनच असते. १९८७ हे साल निवडले की हाती येते ती शोधाची, सुदैवाची आणि पुरस्कारांची कथा. १९४७ निवडले की तीच कथा अधिक लांब, अधिक अवघड होते. तिच्यात यशाबरोबर बंद दारेही येतात आणि त्या दारांमागची माणसेही. आज ज्यांचा हात या तारेमुळे स्थिर आहे, त्यांच्या सुखाला या लांब कथेने कोठेही उणेपणा येत नाही. उद्या ज्यांच्या मेंदूत ती उतरणार आहे, त्यांना मात्र ही कथा ठाऊक असलेला डॉक्टर मिळायला हवा.
(समाप्त)